उडी घेण्याआधी उतरायला शिका!

कुमार वयातील व्हॉलीबॉलपटू घडवताना स्मॅशची घाई आणि स्पर्धांची धावपळ मुलांच्या गुडघ्यांवर व खांद्यांवर बेतते. तेरा ते सतरा या वयात सराव कसा असावा, किती असावा आणि कोणत्या क्रमाने असावा, याचा हा आढावा.

शाळा सुटली की मैदानावर जाळी बांधली जाते. जाळीजवळ उभे राहून सर चेंडू वर उडवतात आणि समोर रांगेत थांबलेली मुले एकेक करून धावत येऊन तो पलीकडे ठोकतात. फटका जोरात बसला की टाळ्या आणि चेंडू जाळीत अडकला की सरांचा आवाज चढतो. अनेक शाळांमध्ये व्हॉलीबॉलचा सराव म्हणजे एवढेच दृश्य असते. जूनमध्ये शाळा सुरू होते, पावसाने मैदानावर चिखल होतो आणि मैदान जरा सुकते न सुकते तोच शालेय स्पर्धांचे वेळापत्रक हाती पडते. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढायच्या, तर वेळ कमी आणि घाई मोठी. मग जे लवकर गुण मिळवून देईल तेच शिकवले जाते आणि ते म्हणजे अर्थातच स्मॅश.

या रांगेचा हिशेब मांडला तर तो आश्चर्यकारक निघतो. वीस मुले, एक जाळी आणि दहा सेकंदांना एक चेंडू असे धरले, तरी चाळीस मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला जेमतेम बारा चेंडू येतात. उरलेला वेळ रांगेत उभे राहण्यात जातो. दुसरीकडे, संघातील निवडक सहा-आठ जणांचे हाल वेगळेच असतात. शाळेचा संघ, गल्लीतील मंडळ किंवा क्लब आणि जिल्ह्याचे शिबिर अशा तीन ठिकाणी त्यांना उड्या माराव्या लागतात आणि त्या उड्यांची एकत्रित मोजदाद कोणाकडेच नसते. एकाच मैदानावर काहींना चेंडू मिळत नाही, तर काहींना विश्रांती मिळत नाही. कुमार गटातील प्रशिक्षणाचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

खेळ सोपा, कौशल्य अवघड

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलिओक येथे वायएमसीए या संस्थेत काम करणाऱ्या विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये हा खेळ तयार केला. बास्केटबॉलची धक्काबुक्की न झेपणाऱ्या मध्यमवयीन गृहस्थांसाठी तो होता. ज्यात उडी घेण्याची फारशी गरज नव्हती, असा हा विरंगुळा पुढे उड्यांचाच खेळ बनला आणि १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये दाखल झाला.

अठरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद मैदान, पुरुषांसाठी २.४३ मीटर व महिलांसाठी २.२४ मीटर उंचीची जाळी आणि २६० ते २८० ग्रॅम वजनाचा चेंडू, एवढेच या खेळाचे साहित्य. मात्र यात चेंडू पकडता येत नाही. फुटबॉलपटू चेंडू पायाशी थांबवून विचार करू शकतो, बास्केटबॉलपटू तो हातात धरू शकतो. व्हॉलीबॉलपटूला ही सवलत नाही. चेंडू येण्यापूर्वीच तो कोठे पडणार याचा अंदाज घेऊन पाय तेथे न्यावे लागतात. त्यामुळे या खेळात हातापेक्षा डोळे आणि पाय आधी घडवावे लागतात. रांगेत उभे राहून सरांनी हातात आणून दिलेला चेंडू मारण्याने हे शिक्षण मिळत नाही.

नियमांत झालेल्या बदलांनीही प्रशिक्षणाची दिशा बदलली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत सर्वत्र लागू झाली. पूर्वी सर्व्हिस ज्याच्या हाती त्यालाच गुण मिळत असे. आता कोणाचीही चूक थेट प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होते. त्यामुळे दोन चांगल्या स्मॅशइतकेच महत्त्व न चुकलेल्या दोन पासेसना आले. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय खेळात आलेल्या 'लिबेरो' या खास बचावपटूने तर कमी उंचीच्या खेळाडूंसाठी हक्काची जागाच निर्माण केली. तरीही मैदानावरील सरावात जुनी स्मॅशची हौस तशीच टिकून आहे.

वाढीचे वय, नाजूक वय

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक वेगाने वाढते. या काळात वर्षाला आठ ते दहा सेंटिमीटर वाढ होणे नवलाचे नसते. मात्र हे सरासरीचे वय झाले. प्रत्यक्षात सातवीच्या एकाच वर्गात मिसरूड फुटलेला मुलगा आणि अगदी बालवयातला वाटणारा मुलगा शेजारी शेजारी बसलेले असतात. दोघांनाही चौदा वर्षांखालील गटात एकच सराव दिला जातो. एकाला तो कमी पडतो, तर दुसऱ्याला अतिरेकी ठरतो.

हाडे वेगाने लांब होतात, तेव्हा स्नायू व स्नायुबंध मागे पडतात आणि ताणले जातात. गुडघ्याच्या वाटीखाली, जेथे मांडीचा स्नायू नडगीच्या हाडाला जोडलेला असतो, तेथील वाढीचा भाग अजून कोवळा असतो. वारंवार उड्या मारल्याने तेथे ओढ बसून सूज येते, दुखते आणि कधी टेंगूळही दिसते. वैद्यकशास्त्रात याला ऑसगुड-श्लॅटर असे नाव आहे. वाढ पूर्ण झाली की हे दुखणे बहुधा शमते. मात्र त्या काळात उड्या कमी न केल्यास मूल महिनोन् महिने लंगडत खेळते किंवा खेळच सोडून देते. अशीच तक्रार टाचेच्या बाबतीतही उद्भवते.

या काळात आणखी एक गोष्ट घडते. काल-परवापर्यंत सफाईने पास देणारा मुलगा एकाएकी वेंधळा वाटू लागतो. त्याचे हातपाय लांबलेले असतात आणि मेंदूला त्या नव्या लांबीची सवय व्हायची असते. हा आळस किंवा बेफिकिरी नव्हे. प्रशिक्षकाने हे ओळखून काही महिने धीर धरला तर कौशल्य परत येते. 'तुझे लक्ष कोठे आहे?' असे म्हणून संघाबाहेर बसवले तर बहुधा मूलच परत येत नाही.

यावर एक साधा उपाय आहे आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक खेळाडूची उंची भिंतीवर खूण करून वहीत लिहून ठेवावी. ज्याची उंची एकदम झपाट्याने वाढू लागली असेल, त्याच्या उड्या त्या काळापुरत्या कमी कराव्यात आणि चेंडूवरील हात, तोल व लवचीकता यांवर भर द्यावा.

लहान मैदान, जास्त चेंडू

युरोपातील अनेक देशांत मुलांना थेट सहा जणांच्या संघात आणि पूर्ण मैदानावर खेळवत नाहीत. एकास एक, दोनास दोन, तिघांस तीन आणि मग चौघांस चार अशा पायऱ्यांनी खेळ मोठा होत जातो. यालाच मिनी व्हॉलीबॉल म्हणतात. नेदरलँड्समध्ये तर लहान मुलांसाठी सहा पातळ्यांची पद्धत रूढ आहे. पहिल्या पातळीवर मुले चेंडू फक्त फेकतात आणि झेलतात. झेलता झेलता धावायचे कोठे, उभे राहायचे कोठे हे कळू लागले की मगच चेंडू टोलवण्याची वेळ येते.

आपल्या शाळांमध्ये हे सहज शक्य आहे. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांब दोरी ताणून बांधली आणि चुन्याने लहान चौकोन आखले की तीन-चार छोटी मैदाने तयार होतात. वीसपैकी अठरा मुले एकाच वेळी तिघांस तीन खेळू शकतात. रांगेत चाळीस मिनिटांत बारा चेंडू मिळणाऱ्या मुलाला येथे तेवढे चेंडू काही मिनिटांतच हाताळायला मिळतात. वयानुसार जाळीची उंचीही कमी ठेवता येते आणि सुरुवातीला हलका, मऊ चेंडू वापरता येतो. कडक चेंडूने मनगटे लाल झालेले मूल दुसऱ्या दिवशी हात मागे घेते आणि ती भीती पुढे वर्षानुवर्षे टिकते.

कौशल्ये कोणत्या क्रमाने?

पहिला क्रमांक पासचा. दोन्ही हात जोडून, कोपरे ताठ ठेवून, मनगटाच्या वरच्या सपाट भागावर चेंडू घेणे दिसायला सोपे असते. खरी मेख पायांत असते. चेंडूच्या मागे शरीर नेऊन थांबायचे आणि मगच चेंडू खेळायचा, ही सवय तेराव्या-चौदाव्या वर्षी लागली तर आयुष्यभर टिकते.

दुसरा क्रमांक बोटांनी चेंडू उचलून देण्याचा, म्हणजे सेटचा. जुन्या खेळाडूंच्या बोलीत याला 'लिफ्ट' किंवा 'बूस्ट' म्हणत. हे काम संघातील एकाच मुलाकडे सोपवून बाकीच्यांना त्यापासून दूर ठेवण्याची पद्धत घातक आहे. पंधराव्या वर्षापर्यंत प्रत्येकाने सेट करावा, प्रत्येकाने पास द्यावा आणि प्रत्येकाने मारावे. आज संघात सर्वांत उंच असलेली मुलगी उद्या मध्यम उंचीची ठरू शकते. तिला केवळ ब्लॉक शिकवला असेल, तर तिच्या हाती दुसरे कौशल्यच उरत नाही.

सर्व्हिसची सुरुवात खालून, मग डोक्यावरून आणि त्यानंतर न फिरणारी, हवेत डुलणारी 'फ्लोट' सर्व्हिस असा क्रम ठेवावा. उडी मारून करायची सर्व्हिस टीव्हीवर आकर्षक दिसते. कोवळ्या खांद्याला आणि कमरेला मात्र ती महाग पडते. ती सर्वांत शेवटी शिकवावी.

स्मॅशचे शिक्षण जमिनीवर उभे राहूनच सुरू होते. भिंतीवर चेंडू मारून हाताची फिरकी आणि मनगटाचा झटका बसवता येतो. धावत येण्याची पावले चेंडूविना शिकता येतात. उडीसह पूर्ण फटका हा या सर्व तुकड्यांचा शेवटचा जोड असतो. प्रत्यक्षात अनेकदा हीच पायरी पहिली ठरते आणि मग चुकीची पावले व वेडावाकडा खांदा मोडून काढण्यात पुढची दोन वर्षे जातात.

सराव देण्याच्या पद्धतीबाबतही क्रीडाशास्त्राने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली आहे. एकच कृती शंभर वेळा सलग केली तर त्या दिवशी ती सफाईदार दिसते, परंतु सामन्यात टिकत नाही. सर्व्हिस, पास, सेट आणि फटका अशी सरमिसळ करून, प्रत्येक वेळी चेंडू वेगळ्या जागी येईल अशा रीतीने सराव दिला, तर त्या दिवशी चुका जास्त होतात, पण शिकलेले पुढे टिकते. म्हणून मैदानावर चुका दिसल्या की सराव वाया गेला असे समजण्याचे कारण नाही.

मोजून मारा उडी

व्हॉलीबॉलपटूंच्या दुखापतींचा सर्वाधिक अभ्यास झाला तो नॉर्वेमध्ये. तेथील उच्च श्रेणीच्या खेळाडूंच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ४५ टक्के पुरुष व्हॉलीबॉलपटूंना 'जंपर्स नी' म्हणजे वाटीखालच्या स्नायुबंधाचे दुखणे असल्याचे आढळले. त्याच देशातील व्हॉलीबॉल प्रबोधिनीत शिकणाऱ्या कुमार खेळाडूंच्या अभ्यासातून २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांचा सराव जास्त आणि ज्यांचे सामने जास्त, त्यांना हे दुखणे जडण्याची शक्यता अधिक होती. म्हणजेच संघातील ज्या मुलावर सर्वांची भिस्त असते, तोच सर्वाधिक धोक्यात असतो. सिमेंटसारख्या कठीण पृष्ठभागावरील सरावाचा या दुखण्याशी असलेला संबंध इटलीतील संशोधकांनी १९८० च्या दशकातच दाखवला होता. जागेअभावी शाळांच्या फरसबंद आवारात सराव करणाऱ्या शहरी मुलांच्या पालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

उडीतून खाली येताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. म्हणून उडी शिकवण्यापूर्वी उतरणे शिकवले पाहिजे. दोन्ही पायांवर, गुडघे व कंबर वाकवून, आवाज न करता उतरावे. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहावेत, आत वळू नयेत. मुलींच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. उतरताना गुडघे आत झुकण्याची सवय त्यांच्यात अधिक आढळते आणि गुडघ्यातील मुख्य अस्थिबंध तुटण्याचा धोकाही त्यांना अधिक असतो. अमेरिकेत शालेय खेळाडू मुलींना सहा आठवडे उडी व उतरण्याचे शिक्षण दिल्यावर गुडघ्याच्या गंभीर दुखापती कमी झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते.

घोट्याचे मुरगळणे ही या खेळातील सर्वांत नेहमीची अचानक होणारी दुखापत. ती बहुतेक वेळा जाळीखाली होते. स्मॅश मारणारा पुढे झेपावतो आणि ब्लॉक करणाऱ्याचा पाय त्याच्या पायावर पडतो. नॉर्वेमधील संशोधकांनी खेळाडूंना सरळ वर उडी घेण्याचे व जाळीपासून दूर उतरण्याचे तंत्र शिकवले आणि त्याला तोल सावरण्याच्या फळीवरील व्यायामाची जोड दिली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घोट्याच्या दुखापती निम्म्यावर आल्या. यासाठी लागणारा खर्च होता एका लाकडी फळीचा. तीही नसेल तर एका पायावर उभे राहून चेंडू झेलण्याचा व्यायाम करता येतो.

आता प्रश्न उड्यांच्या संख्येचा. ताकदीच्या प्रशिक्षणात प्रौढ नवशिक्यांनासुद्धा एका सत्रात ८० ते १०० उड्यांपेक्षा जास्त देऊ नये, असा संकेत आहे. वाढत्या वयातील मुलांसाठी आकडा त्याहून कमी हवा आणि त्यात स्मॅश, ब्लॉक व सर्व्हिसच्या उड्याही धरल्या पाहिजेत. पाठीमागे बसलेल्या राखीव खेळाडूला वही-पेन्सिल देऊन उड्या मोजण्याचे काम सोपवले, तर त्यालाही खेळ पाहण्याची नजर येते. एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात जाताना उड्या थोड्याथोड्याने वाढाव्यात. सुटीनंतर पहिल्याच आठवड्यात दुप्पट सराव करणे हे दुखापतीला आमंत्रणच होय. सरावानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा दुखत असेल, तर त्या दिवशी उडी बंद ठेवावी. दुखणे टिकून राहिले तर तेल चोळत बसण्यापेक्षा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

उंचीविषयीचे दोन गैरसमज

'व्हॉलीबॉल खेळल्याने उंची वाढते' हा पालकांमधील सर्वांत लाडका समज आहे. उंची मुख्यतः आनुवंशिकतेवर आणि लहानपणापासूनच्या पोषण व आरोग्यावर अवलंबून असते. उंच मुले या खेळात टिकतात, म्हणून खेळाने उंची वाढल्यासारखे वाटते. दुसरा समज नेमका उलट आहे. 'वजने उचलली की उंची खुंटते' असे अजूनही सांगितले जाते. योग्य तंत्राने, जाणकाराच्या देखरेखीखाली आणि हलक्या भाराने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ खुंटत नाही, असे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी स्पष्ट केले आहे. बैठका, जोर, पोटाचे व पाठीचे व्यायाम, रबरी पट्ट्यांनी खांद्यामागचे स्नायू बळकट करणे, एवढी शिदोरी सोळाव्या वर्षापर्यंत पुरेशी असते. आपल्या तालमीतील जोर-बैठकांची परंपरा येथे कामी येते. मात्र शेकड्यांनी बैठका मारण्याची चुरस टाळावी.

उंचीचा प्रश्न निवडीच्या वेळी अधिक बोचरा होतो. तेराव्या वर्षी जो उंच दिसतो, तो बहुधा लवकर वयात आलेला असतो. उशिरा वाढणारा मुलगा सतराव्या वर्षी त्याला मागे टाकू शकतो, परंतु तोपर्यंत तो खेळातच राहिलेला नसतो. वयोगटाची तारीख ओलांडताच जन्मलेल्या मुलांना गटातील इतरांपेक्षा जवळजवळ वर्षभराचा लाभ मिळतो, तो वेगळाच. म्हणून निवड करताना आजची उंची न पाहता आई-वडिलांची उंची, हात वर केल्यावरची पोहोच, पायांची चपळाई आणि चेंडूचा अंदाज यांचा एकत्र विचार व्हावा. चौदा वर्षांखालील गटात कोणालाही कायमचा नकार देऊ नये, हे तर सूत्रच असावे. अलीकडे अनेक शहरी मुले 'हायक्यू' या जपानी चित्रमालिकेमुळे या खेळाकडे वळली. तिचा नायक बुटका आहे, हे त्या आकर्षणाचे एक कारण आहे. अशा मुलाला मैदानावर पहिल्याच दिवशी 'तुझे काम नाही' असे ऐकावे लागू नये.

आठवडा कसा असावा?

मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून जास्त तास आठवड्याला संघटित सराव व सामने नसावेत, असा एक सोपा दंडक क्रीडावैद्यक तज्ज्ञ सांगतात. पंधरा वर्षांच्या मुलासाठी शाळा, क्लब आणि शिबिर मिळून पंधरा तास ही वरची मर्यादा झाली. चार दिवस सराव, एक दिवस सामना आणि दोन दिवस विश्रांती ही शालेय खेळाडूसाठी समतोल मांडणी ठरते.

दीड तासाचे एक सत्र पुढीलप्रमाणे आखता येते. पहिली पंधरा मिनिटे शरीर तापवणे, तोल सावरणे व उतरण्याचा सराव. पुढची वीस मिनिटे जोडीने किंवा तिघांत पास व सेट. त्यानंतर तीस मिनिटे लहान मैदानावर गुण मोजून खेळ. मग पंधरा मिनिटे स्मॅश व ब्लॉक, तेही मोजून. शेवटची दहा मिनिटे ताकदीचे हलके व्यायाम आणि अंग सैल करणे. उड्यांच्या दोन सत्रांमध्ये किमान एक दिवसाचे अंतर ठेवावे. वर्षातून दोन-तीन महिने व्हॉलीबॉलला विश्रांती देऊन मुलाने पोहावे, खो-खो खेळावे किंवा डोंगर चढावा. खो-खोतील झटकन वळणे आणि उठबस व्हॉलीबॉलच्या पायांनाही उपयोगी पडते.

झोप आणि आहार हे सरावाचेच भाग आहेत. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी. पहाटे साडेपाचला मैदान, दिवसभर शाळा, संध्याकाळी शिकवणी आणि रात्री अकरापर्यंत अभ्यास अशा दिनक्रमात ती मिळत नाही आणि थकलेला पाय चुकीचा पडतो. महागड्या पावडरींची गरज नसते. सरावापूर्वी केळे किंवा पोळीचा लाडू, सरावात पाणी, घाम जास्त येत असेल तर लिंबू-मीठ-साखरेचे सरबत आणि सरावानंतर तासाभरात उसळ-भाकरी, अंडी, दूध किंवा शेंगदाणा चिक्की एवढे पुरते. मुलींच्या बाबतीत रक्तातील लोहाकडे दुर्लक्ष होऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. 'दम लागतो' म्हणणाऱ्या मुलीला पळवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासणे शहाणपणाचे.

धाक की धीर?

कठोर प्रशिक्षणाची चर्चा निघाली की जपानचे उदाहरण हमखास दिले जाते. हिरोबुमी दाइमात्सु यांनी कापडगिरणीतील महिला कामगारांचा संघ घडवला, त्यांच्याकडून रात्री उशिरापर्यंत सराव करून घेतला आणि जमिनीवर लोळण घेऊन चेंडू उचलण्याचे तंत्र रुजवले. मुख्यतः याच खेळाडूंच्या जपानी संघाने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक जिंकले. मात्र दाइमात्सु यांच्या खेळाडू प्रौढ होत्या, हे त्यांच्या कठोरपणाची भलामण करणारे विसरतात. तीच पद्धत शाळकरी मुलांवर लादली गेली, तेव्हा त्यातून मारहाण आणि अपमान यांची परंपरा निर्माण झाली. अखेर २०१३ मध्ये जपानच्या क्रीडा संघटनांना हिंसाचारमुक्त खेळाचा जाहीरनामा काढावा लागला.

त्याच जपानमध्ये माजी राष्ट्रीय खेळाडू नाओमी मासुको यांनी २०१५ पासून लहान मुलांसाठी एक आगळी व्हॉलीबॉल स्पर्धा सुरू केली. तिचा मुख्य नियम म्हणजे प्रशिक्षकांनी रागवायचे नाही. रागावलेल्या प्रशिक्षकाला फुलीचे चिन्ह असलेली मुखपट्टी लावावी लागते. यातील गमतीचा भाग सोडला तरी मुद्दा गंभीर आहे. ओरडा खाण्याच्या भीतीने मूल चेंडूकडे न पाहता सरांकडे पाहू लागते. व्हॉलीबॉलसारख्या क्षणाचाही उसंत न देणाऱ्या खेळात ही नजर हटली की सारे संपते. शिस्त हवीच. वेळेवर येणे, जाळी बांधणे, चेंडू गोळा करणे आणि सहकाऱ्याच्या चुकीवर तोंड वाकडे न करणे ही खरी शिस्त होय.

गुणवत्ता आहे, धीर हवा

भारतीय पुरुष संघाने १९५८ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्य, १९६२ मध्ये जकार्ता येथे रौप्य आणि १९८६ मध्ये सोल येथे पुन्हा कांस्यपदक मिळवले. त्यानंतर २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ स्पर्धेपर्यंत पदकाने हुलकावणीच दिली. मात्र कुमार गटाची कहाणी निराळी आहे. २००३ मध्ये थायलंडमध्ये झालेल्या १९ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारत अंतिम फेरीत पोहोचला होता. २००९ मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे झालेल्या २१ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत यजमान भारताने उपांत्य फेरी गाठली, तेव्हा पुणेकरांनी गॅलऱ्या भरून टाकल्या होत्या. कुमार वयात जगाच्या बरोबरीला असणारे खेळाडू प्रौढ गटात मागे का पडतात, याची कारणे अनेक आहेत. नोकरी, सुविधा, संघटनांमधील वाद हे सारे त्यात येतेच. परंतु वाढत्या वयात शरीराचा पाया कच्चा राहणे हे त्यांतील एक कारण असू शकते आणि ते दूर करणे प्रत्येक शाळेच्या हाती आहे.

शालेय स्पर्धेचा चषक मुख्याध्यापकांच्या कपाटात राहतो आणि दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुणही एकदाच कामी येतात. गुडघे मात्र त्या मुलाला साठाव्या वर्षापर्यंत वापरायचे असतात. प्रशिक्षणाचे यश मोजायचेच असेल, तर संघाने यंदा किती सामने जिंकले याबरोबरच यंदाची किती मुले पुढच्या वर्षी जूनमध्ये पुन्हा मैदानावर आली, हेही मोजावे.

पालकांनी प्रशिक्षकांना विचारावेत असे पाच प्रश्न

- सरावाच्या दीड तासात माझे मूल किती वेळ प्रत्यक्ष चेंडू खेळते आणि किती वेळ रांगेत थांबते?
- स्मॅश, ब्लॉक आणि सर्व्हिस मिळून आठवड्याला किती उड्या होतात, याची नोंद ठेवली जाते का?
- उडीतून उतरण्याचे तंत्र शिकवले आहे का?
- शाळा, क्लब आणि शिबिर येथील प्रशिक्षकांचे एकमेकांशी बोलणे होते का?
- दुखत असल्याचे मुलाने सांगितले, तर त्याला संघातील जागा गमावण्याची भीती वाटते का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षकांपेक्षा मुलाकडूनच ऐकावे.